लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी

सोमवार, 31 ऑक्टोबर 2005. तुम्ही मंत्रालयात आहात. उद्या लक्ष्मीपूजन, त्यामुळे निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि उरलेल्यांचं लक्ष लोकलच्या वेळेकडे. टेबलावर पडलेल्या पेपरात पहिल्या पानावर परवाच्या दिल्लीतल्या स्फोटांच्या बातम्या. कपाटांच्या माथ्यावर फायलींचे गठ्ठे. 2012 च्या आगीत इथले वरचे मजले जळणार आहेत, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गप्प बसता. आज तुम्ही दुसऱ्याच एका कागदासाठी आलात.

वित्त विभागातून एक शासन निर्णय निघतोय. क्रमांकाच्या शेवटी 'सेवा-4'. भाषा नेहमीची, संदर्भाधीन आणि उपरोक्त. तुम्ही लिपिकाच्या खांद्यावरून वाचता. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर जो राज्याच्या सेवेत लागेल, त्याला 1982 चे निवृत्तिवेतन नियम लागू नाहीत, 1984 चे अंशराशीकरणाचे नियम लागू नाहीत आणि जीपीएफही नाही. त्याऐवजी 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना', म्हणजे पुढे ज्याला सगळे डीसीपीएस म्हणतील ती. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या 10 टक्के कापायचे, सरकार तेवढेच घालणार, पैसा गुंतवायचा आणि निवृत्तीला जे जमेल ते तुमचं. जिल्हा परिषदेचे शिक्षक यात आहेत, अनुदानित खासगी शाळांतले शिक्षकही आहेत. केंद्राने हेच 1 जानेवारी 2004 पासून केलं होतं, सैन्यदलांना वगळून. राज्य त्याच वाटेने निघालंय.

उद्यापासून लागू. ऐन लक्ष्मीपूजनापासून.

तुम्ही ओरडायला तोंड उघडता, पण ओरडून सांगणार कोणाला? शाळांना दिवाळीची सुट्टी. शिक्षक गावी, फराळाला. आणि समजा एखादा संघटनेचा पुढारी तुम्हाला लोकलच्या गर्दीत गाठता आला, तर तो शांतपणे सांगेल की आपल्या सभासदांचं काही जात नाही. खरंच जात नाही. आज सेवेत असलेल्या एकाही माणसाच्या पेन्शनला हा कागद हात लावत नाही. ज्यांची पेन्शन जाणार आहे त्यांची नेमणूकच व्हायची आहे, त्यांची संघटना नाही, वर्गणी नाही, मोर्चा नाही. कपात करायची तर हजर नसलेल्या माणसाची करावी, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं तो माणूस मोठा हुशार होता, यात शंका नाही.

रात्रीची गाडी पकडा आणि परभणी जिल्ह्यातल्या एका गावात उतरा. डीएडच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी सुट्टीला घरी आली आहे. वय 19. अंगणात रांगोळी काढून झाली की ओट्यावर बसून सराव पाठाचं टाचण लिहिते, समास आखून, उद्दिष्टं लाल शाईने. 2005 साल हे डीएडचं साल आहे. गावागावांतली हुशार पोरं, विशेषतः मुली, बारावी झाल्या की डीएडचा अर्ज भरतात, कारण दोन वर्षांत मास्तरकी. तुम्ही तिला सांगता, बाई, कालच्या कागदाने तुझी पेन्शन गेली.

"अहो, आधी नौकरी तर लागू द्या," ती मान वर न करता म्हणते. "पेन्शनीचं कोण बघतंय आत्ता?"

तिचे वडील बैलांना वैरण टाकत असतात. "सरकारी नौकरीय. म्हातारपणी काहीतरी देईलच की सरकार."

त्यांच्याशी वाद घालू नका. त्या वयात, त्या अंगणात तुम्हीही हेच म्हणाला असता.

आता काटे उलटे फिरवा, कारण जे गेलं ते आलं कुठून हे पाहायला हवं. 1965. तालुक्याच्या गावातलं खासगी हायस्कूल. संस्था गावातल्या चार प्रतिष्ठितांची, अनुदान सरकारचं, पगार कधी वेळेवर, कधी नाही. आज गणिताचे गुरुजी निवृत्त होतायत. शाल, श्रीफळ, मुलींचं स्वागतगीत आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम. एवढीच. पुढच्या महिन्यापासून दारात पोस्टमन येणार नाही. गुरुजी सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतील, थोरल्या मुलाच्या पगाराकडे बघतील. तीन वर्षांनी, 4 नोव्हेंबर 1968 रोजी, निर्णय निघेल की माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांना निवृत्तिवेतन, 1 एप्रिल 1966 पासून लागू. आपले गुरुजी त्या तारखेच्या वर्षभर अलीकडे सापडले. पेन्शनच्या इतिहासात माणसापेक्षा तारखेला फार महत्त्व असतं. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

14 डिसेंबर 1977 ला फार थांबू नका, फक्त डोकावा. राज्याचे कर्मचारी संपावर गेलेत, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, संपाचे नेते र. ग. कर्णिक. मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची. हा संप 54 दिवस चालेल. पुढच्या पिढीतले कर्मचारी नेते प्रत्येक भाषणात या 54 दिवसांचा दाखला देतील, आणि तरुण शिक्षक मागच्या रांगेत बसून मोबाइल बघतील.

त्यापेक्षा 17 डिसेंबर 1982 ला दिल्लीत जा, सर्वोच्च न्यायालयात. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, सोबत तुळजापूरकर, आणि निकाल लिहिलाय न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. डी. एस. नाकरा हे निवृत्त केंद्रीय अधिकारी. सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण 31 मार्च 1979 च्या आधी निवृत्त झालेल्यांना त्यातून वगळलं. पुन्हा तारीख. न्यायालयाने ती रेघ पुसली. पेन्शन म्हणजे मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी नाही, आयुष्यभर केलेल्या कामातून मिळवलेला तो हक्क आहे, असा निकालाचा गाभा. देशभरचे पेन्शनर 17 डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात तो यामुळे.

मग 2005 ची रेघ याच निकालाने का पुसली जात नाही? कारण नाकरा यांनी नोकरी केली होती, ते निवृत्त झाले होते, म्हणजे ते हजर होते. एकाच दर्जाच्या पेन्शनरांत भेद करू नका, असं न्यायालय म्हणालं. ज्याची अजून नेमणूकच नाही त्याला उद्यापासून कोणत्या अटीवर घ्यायचं, हा प्रश्नच तिथे नव्हता. वित्त विभागाने रेघ नेमकी त्या मोकळ्या जागेत ओढली.

पुन्हा पुढे चला. परभणीची ती मुलगी 2009 मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागली. तीन वर्षं मानधनावर, मग नियमित. तिच्या वस्तीवरच्या शाळेत दोन खोल्या, चार इयत्ता. 2010 च्या 29 नोव्हेंबरला आणखी एक कागद निघाला. खासगी शाळेत 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेला शिक्षक असला तरी त्याची शाळा त्या तारखेला 100 टक्के अनुदानावर नसेल, तर तोही डीसीपीएसमध्ये. म्हणजे 1999 ला लागलेले एक सर पेन्शनमध्ये आणि त्याच दिवशी शेजारच्या गावात लागलेले दुसरे सर पेन्शनबाहेर, कारण त्यांची शाळा अनुदानाच्या पायऱ्या चढत होती. हे सर लोक न्यायालयात गेले, आझाद मैदानात बसले, आमदारांच्या मागे लागले. 10 जुलै 2020 ला, टाळेबंदीत सगळे घरी कोंडलेले असताना, नियमांतच बदल करणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा आला. हरकतींचा एवढा पाऊस पडला की डिसेंबरात तो मागे घ्यावा लागला. हे सर लोक तेव्हा हजर होते, म्हणून तर हरकती आल्या.

मधल्या वर्षांत, 2014 च्या सुमाराला, परभणीच्या त्या बाईंच्या शाळेत थोडा वेळ बसा. मधली सुट्टी आहे. खिचडीचं वाटप उरकलंय. बाई वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडतायत. कपात सुरूच मुळात उशिरा झाली. मग मागची थकबाकी वसूल करायला दुप्पट हप्ते कापले. कापलेले पैसे कोणत्या खात्यात पडले, सरकारचा वाटा पडला का, व्याज किती, याची पावती मागायला त्या दोनदा तालुक्याला जाऊन आल्या. कित्येक जिल्ह्यांत शिक्षकांना या पावत्या वर्षानुवर्षं मिळालेल्या नाहीत. ज्यांना मिळाल्या त्यांतले आकडे सेवापुस्तकाशी जुळत नाहीत.

"सर, हे बघा," बाई शेजारच्या ज्येष्ठ गुरुजींना वही दाखवतात. गुरुजी 1994 चे, जुन्या पेन्शनचे. "समजा माझे 30 लाख जमले. 60 टक्के हातात देणार. राहिलेल्या 12 लाखांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यायची. 6 टक्क्यांनी धरली तर वर्षाला 72 हजार. महिन्याला 6 हजार."

"महागाई भत्ता?"

"नाही ना. 58 व्या वर्षी 6 हजार, 80 व्या वर्षीपण 6 हजार."

गुरुजी चष्मा काढून पुसतात. त्यांचा मूळ पगार निवृत्तीला 60 हजारांवर गेला तर त्यांना 30 हजार आणि त्यावर वाढत जाणारा महागाई भत्ता मिळेल, त्यांच्यामागे घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन. दोघं एकाच फळ्यावर एकाच वर्गाला शिकवतात. गुरुजी काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात, "तुमचे 18 लाख हातात येतील की, ते बँकेत टाका." बाई हसतात. मुलीचं लग्न, घराचं कर्ज आणि सासूचं आजारपण बँकेच्या आधी रांगेत उभं आहे, हे गुरुजींनाही माहीत असतं.

खरा धक्का मात्र या आकडेमोडीने बसला नाही. तो बसला मरणांनी. 2005 नंतर लागलेले लोक तरुण, निवृत्तीला वीस-पंचवीस वर्षं. त्यामुळे योजना कशी आहे हे पहिल्यांदा कळलं ते अपघातात, आजारात आणि मग करोनात गेलेल्या सहकाऱ्यांच्या घरून. दशक्रियेला गेलेल्या शिक्षकांनी वहिनींना विचारलं, पेन्शनचं काय? आणि उत्तर आलं, तसं काही नाही म्हणतात. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कुटुंब निवृत्तिवेतनाची सोय 2009 मध्येच केली होती. राज्याने 2018 मध्ये, सेवेची 10 वर्षं पुरी व्हायच्या आत मृत्यू आला तर 10 लाखांचं सानुग्रह अनुदान ठेवलं. कुटुंब निवृत्तिवेतन नाहीच. मग शिक्षकांनी आपसात वर्गणी काढली, पाच-पाचशे, हजार-हजार. महाराष्ट्रात जुन्या पेन्शनची चळवळ उभी राहिली ती बरीचशी या वर्गण्यांच्या यादीतून. भाषणं नंतर आली.

21 डिसेंबर 2022, नागपूर, हिवाळी अधिवेशन. प्रेक्षकांच्या गॅलरीत बसा. उपमुख्यमंत्री आणि वित्तमंत्री देवेंद्र फडणवीस सांगतायत की जुनी पेन्शन देता येणार नाही, 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. स्पष्ट, सरळ, आकड्यासकट नकार. याच महिन्यात हिमाचलमध्ये जुन्या पेन्शनचं वचन देणाऱ्या पक्षाची सत्ता आली आहे. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब यांनी आधीच घोषणा केल्यात. आता सहा आठवड्यांनी पुढे या. 2 फेब्रुवारी 2023, पुन्हा नागपूर. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची मतमोजणी. राज्यघटनेने शिक्षकांना वरच्या सभागृहात आपले आमदार दिलेत, महाराष्ट्रात 78 पैकी 7. भाजपचा पाठिंबा असलेले विद्यमान आमदार नागो गाणार मोठ्या फरकाने पडतात, सुधाकर अडबाले निवडून येतात. मतपेटीजवळ उभे राहून कोणालाही विचारा, एकच शब्द ऐकू येईल. मतदानाच्या आधीच मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि फडणवीस दोघंही 'सकारात्मक' झाले होते. 2005 मध्ये जे कुठेच नव्हते ते आता मतदारयादीत होते, हा एवढाच फरक.

14 मार्च 2023, मंगळवार, परभणी. इथे जरा जास्त वेळ थांबा. ऊन आत्ताच टोचतंय. रस्त्याच्या कडेला मंडप, खाली सतरंज्या, कोपऱ्यात पाण्याचे जार. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, त्यांवर छापलेलं 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. शिक्षक आहेत, ग्रामसेवक, तलाठी, परिचारिका, कृषी सहायक, कारकून. राज्यभरात लाखो लोक आज कामावर गेलेले नाहीत. सरकारने काम नाही तर वेतन नाही असं बजावलंय. प्राथमिक शिक्षकांच्या एका संघटनेने पहिल्याच दिवशी माघार घेतली आहे, त्यावरून मंडपात शिव्याशाप चालू आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षा ऐन भरात. अधिवेशन मुंबईत चालू आहे आणि सरकारने तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली आहे, तीन महिन्यांत अहवाल. समिती हा शब्द माइकवरून ऐकला की मंडप हसतो.

बाई दुसऱ्या रांगेत आहेत. वय 37. टोपी डोक्यावर नीट बसत नाही म्हणून पिनेने अडकवली आहे. तुम्हाला त्या ओळखत नाहीत, ओळखायचं कारणही नाही. मधूनमधून घोषणा होते, तेव्हा त्यांचा हात वर जातो, पण आवाज वर्गात मुलांना गप्प करतानाच्या आवाजाइतकाच. त्या मैत्रिणीला सांगतायत, "माजी आमदाराला एकदा निवडून आला तरी महिन्याला 50 हजार. आपल्याला 35 वर्षांनी 6 हजार. कोणत्या गणितात बसतं गं हे?" याचं उत्तर मंडपात कोणाकडे नाही, आणि विधानभवनातही तो विषय कोणी काढत नाही.

दोन दिवसांत आभाळ भरून येतं. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात अवकाळी पाऊस आणि गारपीट. काढणीला आलेली ज्वारी आडवी, गहू काळा पडलेला, आंब्याचा मोहोर गळलेला. पंचनाम्याला तलाठी नाही, ग्रामसेवक नाही, कृषी सहायक नाही, सगळे मंडपात. एक शेतकरी मंडपाच्या तोंडाशी येऊन उभा राहतो, चपला चिखलाने भरलेल्या.

"गुरुजी, तुमचं पेन्शन राहू द्या बाजूला. आमचं कोण लिहून घेणार?"

कोणी काही बोलत नाही. बाईंचा सख्खा भाऊ गावाकडे याच गारांत उभा आहे, त्याचा फोन सकाळीच येऊन गेलाय. मागून एक तरुण पुढे होतो. बीएड झालेला, इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत 8 हजारांवर शिकवतो. "आम्ही निम्म्या पगारात करतो तुमचं काम," तो म्हणतो. त्याच आठवड्यात कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी संपाविरुद्ध मोर्चा काढलाय, मोबाइलवर असेच संदेश फिरतायत.

मला विचाराल तर संपाचा निकाल इथे लागला, मुंबईतल्या बैठकीत नंतर फक्त सही झाली. शेतकऱ्याचं खरं होतं. 8 हजारवाल्याचंही खरं होतं, पण त्याचा राग चुकीच्या दारात आला. त्याला 8 हजारांत राबवणारी संस्था त्या मंडपात नव्हती. सहा महिन्यांनी, 6 सप्टेंबर 2023 ला, सरकारी पदं नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटावर भरण्याचा निर्णय निघाला, तेव्हा रस्त्यावर उतरला तो हाच तरुण, आणि ऑक्टोबरात तो निर्णय सरकारला रद्द करावा लागला. कंत्राटी माणसाला जुनी, नवी, कोणतीच पेन्शन नसते. एकाची पेन्शन गेली म्हणून दुसऱ्याचा पगार वाढल्याचं उदाहरण मला तरी आठवत नाही.

सरकारची बाजूही ऐकून घ्या. तिजोरीचा प्रश्न बनावट नाही. पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज यांतच राज्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जातो. रिझर्व्ह बँकेच्या मासिकात सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या अभ्यासाने म्हटलं की सगळी राज्यं जुन्या पेन्शनवर परतली तर एकूण भार नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. माणसं आता जास्त जगतात, हेही खरं. पण याचं बिल कोणी भरायचं, यावर 2005 मध्ये विधिमंडळात भांडण व्हायला हवं होतं, सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं की नाही हे ठरायला हवं होतं. तसं झालं नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी निघालेल्या एका कागदाने सगळं बिल 19 वर्षांच्या पोरीच्या ताटाखाली सरकवलं. म्हणून 2023 चा मंडप हट्टी होता.

20 मार्च, सोमवार, संध्याकाळ. मुख्यमंत्र्यांसोबत बैठक झाली, संपकरी संघटनांच्या समन्वय समितीचे निमंत्रक विश्वास काटकर यांनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. जुन्या पेन्शनप्रमाणे आर्थिक आणि सामाजिक सुरक्षा देण्याचं तत्त्व सरकारने मान्य केलंय म्हणे. परभणीच्या मंडपात मोबाइलांवर ही बातमी पोचते. "तत्त्व मान्य केलं म्हणजे दिली का?" एक जण विचारतो. कोणी पुढाऱ्यांना विकले गेले म्हणतं, कोणी गारपिटीचं निमित्त झालं म्हणतं. मंडपवाला सतरंज्या गोळा करायला लागतो. बाई टोपीची पिन काढून पर्समध्ये टाकतात, उद्या सात वाजता परीक्षेची ड्यूटी आहे.

रिकाम्या हाताने परतले असं मात्र नाही. 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने नव्या योजनेतल्या कर्मचाऱ्यांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान लागू झालं. ज्या वहिनींसाठी वर्गण्या काढल्या होत्या त्यांच्या घरी उशिरा का होईना पेन्शन पोचायची वाट झाली. माझ्या मते या सगळ्या लढ्याची सर्वांत मोठी कमाई ती आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

पुढचे टप्पे झरझर पाहा. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा संप सुरू झाला आणि लगेच मिटला. 4 जानेवारी 2024 ला मंत्रिमंडळाने ठरवलं की ज्यांच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची आहे, पण नेमणूक नंतरची, त्यांना जुनी पेन्शन निवडता येईल. सुमारे 26 हजार लोक त्यात बसले. रेघ तीच राहिली, फक्त नेमणुकीच्या तारखेऐवजी जाहिरातीची तारीख आली. मग 24 ऑगस्ट 2024 ला केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ती स्वीकारली, असं करणारं पहिलं राज्य. विधानसभेची निवडणूक तेव्हा तीन महिन्यांवर होती. शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं, वर महागाई सवलत, मागे कुटुंबाला पेन्शनच्या 60 टक्के. ऐकायला जुन्यासारखीच. कपात मात्र चालूच, आणि पूर्ण निम्म्यासाठी 25 वर्षांची सेवा हवी.

त्या 25 च्या आकड्यावर बोट ठेवा. 2 मे 2012 ला महाराष्ट्रात शिक्षकभरती बंद झाली. मग पवित्र पोर्टल आलं, अभियोग्यता चाचण्या आल्या, कित्येक वर्षं भरती नुसती रेंगाळली. बाई मंडपात बसायच्या अकराच दिवस आधी, 3 मार्च 2023 ला, एक चाचणी संपली, तिच्यातून नेमणुका झाल्या 2024 मध्ये. तोवर डीएड-बीएड झालेली पोरं पस्तिशी ओलांडून गेली होती. 36 व्या वर्षी लागलेला शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो. सेवा 22 वर्षं. भरती सरकारने थांबवली, वय उमेदवाराचं गेलं, आणि पेन्शनही त्याचीच कमी भरणार.

आता तुम्ही आजच्या दिवसात आहात. घरात, शेजारी, ओळखीत 2005 नंतर लागलेला शिक्षक असेल तर त्याला तीन कामं सांगा. डीसीपीएसच्या काळातली प्रत्येक कपात सेवापुस्तकातल्या नोंदीशी ताडून पाहायची, न जुळणाऱ्या महिन्यांचा लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची, आणि योजनेचा पर्याय निवडायचा फॉर्म शाळेतल्या इतरांचं बघून भरायचा नाही, आपलं नेमणुकीचं वय धरून स्वतः हिशेब करून भरायचा. नवी वेतनश्रेणी, नवा आकृतिबंध, नवी भरती असं काहीही आलं की त्यातलं 'यापुढे नियुक्त होणाऱ्यांना' हे कलम आधी वाचा, आणि तुमच्यावर परिणाम होत नसला तरी हरकत नोंदवा. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या सरसकट सगळ्यांना जुनी पेन्शन, असा निर्णय महाराष्ट्रात अजून झालेला नाही.